बागेतलं डिस्क गोल्फ : सुरुवात एकाच डिस्कने करा

उनाडचक्ती

बागेत साखळ्या लोंबणारा लोखंडी खांब आणि त्याखाली जाळीची टोपली दिसली, की नवख्या माणसाला वाटतं पक्ष्यांना दाणे ठेवायची सोय असेल. काही जण तीत कागदाचे बोळे टाकूनही जातात. तर ते डिस्क गोल्फचं बास्केट. या खेळावर इथे धागा सापडला नाही म्हणून काढतोय. आधीचा असेल तर संपादकांनी हा त्याला जोडून टाकावा.

खेळ सांगायला सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून, डिस्क, म्हणजे फ्रिस्बीसारखी चकती, फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुढची फेक. बास्केटमध्ये विसावली की तो होल संपला. कमीत कमी फेकींत सगळे होल उरकेल तो जिंकला. कोर्स ९ किंवा १८ होलचा असतो. बागांतले होल बरेचदा ६० ते १२० मीटरचे, आणि बहुतेकांचं पार (म्हणजे अपेक्षित फेकी) ३. टीजवळच्या पाटीवर अंतर, पार आणि हद्द दाखवलेली असते. ती न वाचता फेकणारे महाभाग थोड्या वेळाने तळ्याकाठी बूट काढताना दिसतात.

साध्या गोल्फसारखी हिरवळ राखायला नको, झाडं आणि उतार हेच अडथळे, त्यामुळे हा खेळ पहिल्यापासून सार्वजनिक बागांतच वाढला. पहिला कायमस्वरूपी कोर्स १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला. तो आखणारे एड हेड्रिक फ्रिस्बीवाल्या व्हॅम-ओ कंपनीतले. फ्रिस्बीच्या सुधारित रचनेचं १९६७ चं पेटंट त्यांच्याच नावावर आहे. त्या कोर्सवर आधी नुसते खांब होते. डिस्क लागली की नाही लागली यावर वाद, मग त्यांनी साखळ्यांचं बास्केट काढलं. खेळाडूंची संघटना, पीडीजीए, तीही त्यांनीच १९७६ मध्ये उभी केली.

आता मूळ मुद्दा. नवीन माणसाने पहिले काही महिने एकच डिस्क वापरावी, आणि ती पटर (जवळच्या फेकीची) किंवा मिडरेंज (मधल्या पल्ल्याची) असावी. ड्रायव्हर, म्हणजे लांब पल्ल्याची डिस्क, घरी ठेवावा, शक्यतो घेऊच नये. पटर हळू उडतो, हाताचा कोन चुकला तर लगेच चुगली करतो, आणि गेला तरी फार लांब जात नाही. चारचौघांच्या बागेत हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. आपली फेक कुठे पडणार हे आपल्यालाच माहीत नसेल, तर ते बाकड्यावर बसलेल्या माणसाला कुठून माहीत असणार?

खेळणाऱ्यांनी लिहा. न खेळणाऱ्यांनीही लिहा.

सावकाश_जाऊ

वाचतेय. पटर आणि ड्रायव्हर यांत दिसायला फरक काय? मला सगळ्या सारख्याच ताटल्या दिसतात.

उनाडचक्ती

@सावकाश_जाऊ, कड बघा ताई. पटरची कड बोथट आणि जाड, हातात भरीव लागते. ड्रायव्हरची कड रुंद आणि धारदार असते, म्हणून तो हवा कापत जातो. ही उतरती कड डिस्क घडवणारे डेव्ह ड्युनिपेस यांनी १९८३ मध्ये आणली. त्याआधी सगळे फ्रिस्बीच्या आकाराच्याच चकत्या फेकत. डिस्कवर चार आकडे छापलेले दिसतील : वेग, तरंग, वळण, उतार. पहिला आकडा पटरला २-३, मिडरेंजला ४-५ आणि लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला १२-१३. दुकानात उभं असताना तो पहिला आकडा तेवढा बघायचा.

पल्लेदार

साफ असहमत. लांब जाताना बघण्यात जी मजा आहे ती पटरमध्ये कुठली? नवखा माणूस पहिल्याच दिवशी कंटाळून घरी जाईल. डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर फेकली होती. पटरने फेकली होती का? सिद्ध करा :)

गतीशास्त्री

पल्लेदार साहेब, ती फेक मागून जोरदार वारा असताना केलेली आहे. लांब पल्ल्याचे विक्रम तसेच होतात. बागेत ना तो वारा, ना तो हात.

ड्रायव्हर नवख्याच्या हातात का फसतो ते थोडं सविस्तर लिहितो. लांबड लागेल, ज्यांना नको त्यांनी खाली सरकावं.

उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून ओढत, फेकलेली डिस्क वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. हवेचा उचल देणारा जोर डिस्कच्या बरोबर मध्यावर सहसा लागत नाही. वेग जास्त असताना तो मध्याच्या किंचित मागे लागतो, वेग उतरला की मध्याच्या पुढे सरकतो. डिस्क फिरत नसती तर पुढे जोर लागल्यावर तिचं नाक सरळ वर उचललं गेलं असतं. पण फिरत्या वस्तूला जिथे ढकलाल तिथे ती झुकत नाही, फिरण्याच्या दिशेत पाव फेरा पुढे झुकते. म्हणून पुढचा जोर उजव्या कडेला जाणवतो, उजवी कड उचलली जाते आणि डिस्क डावीकडे कलते. वेग ओसरल्यावर प्रत्येक फेक शेवटी डावीकडे का वळते त्याचं कारण हे. वेगात असताना याच्या बरोबर उलट, थोडी उजवीकडे.

ड्रायव्हर आखलेला असतो फार मोठ्या वेगासाठी. नवख्याच्या हातून तो वेग निघत नाही, म्हणजे त्या डिस्कच्या दृष्टीने ती सुटल्या क्षणापासूनच 'हळू' असते. मग उजवीकडची वाटचाल होतच नाही, सुटली की थेट डावीकडे धाड. माणूस म्हणतो माझा हात वाकडा. हात ठीक असतो.

वाऱ्याचंही याच हिशेबाने लावा. समोरून वारा म्हणजे डिस्कला हवेचा वेग जास्त, म्हणून ती जास्त उजवीकडे उलटते. मागून वारा म्हणजे लवकर डावीकडे आणि लवकर खाली. फोरहँडने (हात शरीराच्या बाजूने आणत) किंवा डाव्या हाताने बॅकहँड फेकत असाल तर सगळ्या दिशा उलट्या वाचा.

सावकाश_जाऊ

गतीशास्त्री, दंडवत! पाव फेऱ्याचं पहिल्यांदा कळलं. वाचनखूण साठवली.

टिवल्याबावल्या

म्हणजे माझी डिस्क डावीकडच्या झुडपात जाते ती भौतिकशास्त्रामुळे. बायकोला हा धागा दाखवतो.

रोज_चार_फेऱ्या

न खेळणाऱ्यांनीही लिहा म्हणालात म्हणून लिहितो, नाहीतर वाचून गप्प बसणार होतो.

मी त्याच बागेत फिरायला जातो जिथे हा तुमचा कोर्स आहे. फिरायची वाट दोन होलांच्या मधून जाते. मागून 'फोर' असं कुणीतरी ओरडतं, मी वळून बघेपर्यंत ती चकती कानाजवळून सूं करून पुढे जाऊन पडते. वर 'सॉरी काका' म्हणत मुलं हसत जातात. ते कडक प्लास्टिक आहे, मऊ चेंडू नाही. बाग आधी फिरणाऱ्यांची होती. तुमचे आकडे आणि पाव फेरे तुम्हाला लखलाभ, आम्ही कुठे जायचं ते सांगा.

पल्लेदार

काका, खेळायला जागा दिली आहे म्हणूनच बास्केट लावलीत ना? कोर्सच्या मधून चालायचं आणि मग तक्रार करायची. पाटी लावलेली असते.

रेषेबाहेर

पल्लेदार, थांबा जरा. फेऱ्यावाले काका शंभर टक्के बरोबर आहेत आणि हे माझं मत नाही, खेळाचे नियमच सांगतात. फेकीने कुणाला इजा होऊ शकत असेल तर फेकायचंच नाही. 'फोर' ओरडणं हा चुकलेल्या फेकीनंतरचा उपाय आहे, आधीचा परवाना नाही. वाटेवर माणूस आहे, थांबायचं. माणूस रेंगाळला, तरी थांबायचं. फेकीसाठी ३० सेकंद मिळतात, पण ते घड्याळ समोरचा रस्ता मोकळा झाल्यावर चालू होतं, त्यामुळे घाई कसलीच नाही. पुढचं दिसत नसेल अशा होलवर गटातला एक जण पुढे जाऊन उभा राहतो आणि हात वर करून सांगतो, मग फेकायचं.

साधारण डिस्क १७५ ग्रॅमच्या आसपासची असते. हौशी माणसाची फेकही ताशी ८० किलोमीटरला पोचू शकते. व्यावसायिक खेळाडू सायमन लिझोटने २०१४ मध्ये ताशी १४४ किलोमीटरची नोंद केली आहे. हे डोक्याला लागलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

उनाडचक्ती

+१. काका, तुमचा राग रास्त आहे. मुलं हसत गेली हे वाचून मलाच लाज वाटली.

पण एक गोष्ट खेळाडूंच्या हातात नसते, ती म्हणजे आखणी. वाट होलच्या डाव्या बाजूला असेल तर बहुतेकांच्या फेकी शेवटी तिकडेच वळतात (वर गतीशास्त्रींनी कारण दिलंच आहे). आणि उजव्या बाजूला असेल तरी सुटका नाही, कारण डिस्क बोटांत क्षणभर अडकून उशिरा सुटली तर ती सणसणत उजवीकडेच जाते, आणि ती चूक सगळ्यात जोराची असते. म्हणून चांगल्या आखणीत टी वाटेला पाठ करून असते आणि फेक वाटेपासून दूर जाते. तुमच्या बागेत वाट दोन होलांच्या मधून जाते म्हणजे दोन्हीकडून मारा. उद्यान विभागाला लेखी कळवा, एखादी टी फिरवणं किंवा बास्केट हलवणं फार मोठं काम नसतं. पुष्कळ ठिकाणी जमिनीत दोन-तीन नळ्या आधीच पुरलेल्या असतात, बास्केट उचलून दुसऱ्या नळीत खोचलं की झालं.

रोज_चार_फेऱ्या

लेखी कळवतो. नळ्यांचं माहीत नव्हतं.

पल्लेदार, पाटी आमच्या बाजूने लावलेली नाही. खेळणाऱ्यांकडे तोंड करून आहे.

पल्लेदार

ओके काका, ते चूक आहे. मान्य.

माळीणबाय

मला झाडांबद्दल लिहायचं आहे, कारण ती तक्रार करायला येणार नाहीत.

कोर्सवरच्या टीसमोर १५-२० पावलांवरचं झाड जवळून बघा. साधारण छातीच्या उंचीवर, टीकडच्या बाजूलाच, सालीवर आडव्या चंद्रकोरीसारख्या खुणा असतात. काही जुन्या, काळपट, कडा फुगून जुळत आलेल्या. काही ताज्या, आतलं ओलसर पिवळट लाकूड दिसतंय अशा. मागच्या बाजूने तेच झाड स्वच्छ. जाड सालीचं जुनं झाड हे सहन करतं. पातळ सालीच्या कोवळ्या झाडाला नाही झेपत. सालीच्या लगेच खाली वाढीचा थर असतो, तो तुटला की तिथून बुरशी आणि किडे शिरतात. खोडाला चहूबाजूंनी तुटला तर झाड गेलंच.

दुसरं म्हणजे माती. टीच्या समोर आणि बास्केटभोवती सगळे जण त्याच गोलात उभे राहतात. माती इतकी दबते की पाणी मुरत नाही, पावसात ते वरून वाहतं आणि माती घेऊन जातं. मग मुळं उघडी पडतात, त्यांवर लोक पाय देतात. यावर उपाय आहेत : लाकडाच्या ढलप्यांचा जाड थर टाकणं, बास्केट अधूनमधून हलवणं, टीजवळच्या खोडाला लाकडी फळ्यांचं कुंपण. पण फळ्या खोडाला ठोकायच्या नाहीत हो! सुटं कुंपण, बाजूला.

आणि कृपा करून वाटेत येणारी फांदी मोडू नका.

रेषेबाहेर

माळीणताईंच्या शेवटच्या वाक्याला नियमाचा आधार आहे. कोर्सचा कायमचा भाग असलेली झाडंझुडपं हलवायची नाहीत, मोडायची तर नाहीतच. उभं राहतानाही असं राहायचं की फांदी कमीत कमी हलेल. 'जरा बाजूला धरतो' हेही चालत नाही. झुडपात डिस्क गेली तर गुडघ्यावर बसून, हात बाहेर काढून फेकावी लागते. माझ्या मते खेळातला सगळ्यात सुंदर भाग तोच आहे, पण हे इतर कुणी मान्य करत नाही.

टिवल्याबावल्या

रेषेबाहेर काका, तुम्ही आलाच आहात तर एक निकाल द्या. डिस्क बास्केटच्या टपावर जाऊन बसली. खाली पडलीच नाही. माझं म्हणणं संपला होल, मित्राचं म्हणणं नाही. मैत्री पणाला आहे.

रेषेबाहेर

मित्र जिंकला. डिस्क टोपलीच्या वरच्या कडेच्या वरून आणि साखळ्यांच्या टांगणीच्या खालून आत शिरली पाहिजे आणि आत टिकली पाहिजे. टपावर बसली तर नाही. टोपलीच्या जाळीत बाहेरून रुतून बसली तरी नाही, भले ती कितीही घट्ट रुतलेली असो. डिस्क काढायची, बास्केटच्या खाली जमिनीवर खूण धरायची आणि तिथून एक फेक मोजून आत टाकायची.

विचारलंच आहे तर लोक सर्रास चुकतात अशी आणखी एक गोष्ट. बास्केटपासून १० मीटरच्या आत असाल तर फेकून झाल्यावर तोल सावरून उभं राहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. फेकता फेकता पुढे झेपावणं त्याच्या बाहेर चालतं. आणि उभं राहायची जागा म्हणजे पडलेल्या डिस्कच्या मागचा २० सेंटिमीटर रुंद, ३० सेंटिमीटर लांब तुकडा. एका बुटाला पुरतो, दुसरा पाय मागे किंवा बाजूला.

हरवलेली डिस्क शोधायला ३ मिनिटं. मग एक फेक दंड आणि आधीच्या जागेवरून पुन्हा. मित्रामित्रांत एवढं काटेकोर कुणी खेळत नाही, पण भांडण झालं तर निकाल हा.

टिवल्याबावल्या

मैत्री तुटली. धन्यवाद.

डावखुरी

छान धागा. पटिंगबद्दल, म्हणजे बास्केटजवळून आत टाकण्याबद्दल, कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडंसं.

एका होलमधली शेवटची फेक सगळ्यात जवळची, आणि सगळ्यात जास्त फेकी तिथेच वाया जातात. पाच-सहा मीटरवरून साखळीच्या मध्यावर मारली तर साखळ्या तिला झेलून खाली सोडतात. पण उजव्या-डाव्या कडेला जोरात लागली की साखळ्या बाजूला सरतात आणि डिस्क पलीकडून निघून जाते, वर उतार असेल तर चाकासारखी उभी गडगडत खाली. तो आवाज सगळ्यांना ऐकू जातो, छान खळ्ळकन, आणि मग कुणीच काही बोलत नाही. जोर कमी, मधल्या खांबावर नजर, आणि चुकली तर थोडी उंच चुकण्यापेक्षा टोपलीपाशी पडेल अशी. बास्केट मोकळं असेल, मागे कुणी खेळत येत नसेल, तर एका बास्केटपाशी अर्धा तास नुसतं पटिंग करा. ड्रायव्हरच्या सरावापेक्षा फेकींचे आकडे याने जास्त उतरतात.

लांबून आत जाणाऱ्या फेकी हा वेगळाच चमत्कार. २०२१ च्या जागतिक स्पर्धेत जेम्स कॉनरॅडने शेवटच्या होलवर साधारण ७५ मीटरवरून थेट बास्केटमध्ये टाकली, पॉल मॅकबेथशी बरोबरी केली आणि जादा होलमध्ये जिंकला.

आता माझा प्रश्न. डावखुऱ्यांसाठी वेगळी डिस्क घ्यावी लागते का? दुकानदार हो म्हणाला.

गतीशास्त्री

नाही. डिस्क गोल आहे, तिला डावं-उजवं नसतं. फक्त तुमची फेक शेवटी उजवीकडे वळेल. अवांतर : झाडांमुळे उजव्यांना बंद असलेला एखादा होल तुम्हाला मोकळा मिळतो. उजव्यांना तिथे फोरहँड मारावा लागतो आणि तो बहुतेकांचा कच्चा असतो.

पल्लेदार

परत आलो. काल एकच पटर घेऊन नऊ होल खेळलो, मुद्दाम, उनाडचक्तीला खोटं पाडायला. फेकींचा आकडा ड्रायव्हरपेक्षा दोनने चांगला आला. मान्य करायला जड जातंय, पण दोन होलांवर पल्ला खरंच कमी पडला. त्यामुळे पटर आणि मिडरेंज, एवढी तडजोड करा.

उनाडचक्ती

तडजोड मंजूर. मी 'किंवा' लिहिलं होतं, 'आणि' चालेल. ड्रायव्हर मात्र अजून घरीच.

सावकाश_जाऊ

शेवटचा प्रश्न, मग पळते. आमच्या बागेत बाकाखाली एक निळी डिस्क सापडली. खेळणारं कुणी आसपास नव्हतं. मागे मार्करने कसलीशी आद्याक्षरं आणि फोन नंबर आहे. काय करायचं?

डावखुरी

आधी आजूबाजूच्या झुडपांपाशी कुणी शोधत फिरतंय का बघायचं, कारण बरेचदा मालक पन्नास पावलांवर भलतीकडे शोधत असतो. आणि ती खेळात असू शकते, म्हणून पडलेली दिसली की लगेच उचलायची नाही. कुणीच नसेल तर त्या नंबरवर निरोप पाठवायचा. नंबर नसता तर पहिल्या होलजवळच्या सूचना फलकापाशी ठेवायची, बऱ्याच कोर्सवर तिथे पेटी असते.

सावकाश_जाऊ

निरोप पाठवला. लगेच उत्तर आलं, उद्या घ्यायला येतायत. 'कुठली होती, डावीकडच्या झुडपात ना?' असं विचारलं.

टिवल्याबावल्या

प्रतिसाद काढून टाकला आहे.